गोटेक आणि फ्लॅशफ्लॉपी: जुन्या कम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हला हा पर्याय कसा आहे?

जुना कम्प्युटर घरी आणला की सगळ्यात आधी दगा देते ती फ्लॉपी. मशीन चालू होतं, स्क्रीन येते, फ्लॉपी मागते आणि तिथेच सगळं अडतं, कारण एकतर ड्राइव्हमधलं ग्रीस वाळून हेड जागचं हलत नाही, नाहीतर बेल्ट लूज झालेला असतो, नाहीतर हे सगळं ठीक असून फ्लॉपीवरच बुरशी चढलेली असते. सोनीनं फ्लॉपी बनवणं २०११ साली बंद केलं, म्हणजे आज जी काही मिळते ती तेव्हाचा शिल्लक माल किंवा कुणीतरी वापरून ठेवलेली, आणि ती दर वर्षी थोडी थोडी मरतेच आहे. त्यामुळे या छंदात कुणी नवीन आलं आणि मला विचारलं की मशीननंतर पहिली वस्तू कोणती घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, गोटेक घ्या, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेन ड्राइव्हवर चालणारा डबा, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर, टाका, आणि जुना ड्राइव्ह काढून नीट गुंडाळून ठेवा, फेकू नका. या तिन्ही गोष्टी एकत्र सांगतोय कारण लोक पहिली करतात, दुसरी कधीकधी करतात आणि तिसरी विसरतात, आणि तिसरीच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

गोटेक म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या मापाचा प्लॅस्टिकचा डबा, पुढे पेन ड्राइव्ह लावायची जागा, दोन बटणं आणि आकड्यांचा छोटा डिस्प्ले. मागे तीच ३४ पिनांची पट्टी आणि तोच चार पिनांचा पॉवर कनेक्टर जो खऱ्या ड्राइव्हला असतो. कम्प्युटरला वाटतं फ्लॉपी फिरतेय, प्रत्यक्षात सगळं पेन ड्राइव्हवरच्या फाइलमधून येत असतं. हा डबा मुळात आपल्यासाठी बनलेलाच नाही. एम्ब्रॉयडरी मशीन, सीएनसी मशीन, संगीताचे कीबोर्ड आणि सँपलर, म्हणजे जिथे यंत्र अजून ठणठणीत आहे पण फ्लॉपी मिळत नाही अशा ठिकाणी लावायला तो बाजारात आला. आपल्या लोकांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं मॉडेल म्हणजे एसएफआर१एम४४-यू१००के.

आता मुद्द्याची गोष्ट. डब्यात कंपनीचं जे मूळ फर्मवेअर येतं ते जुन्या कम्प्युटरच्या छंदासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ते पेन ड्राइव्हचे १.४४ एमबीचे नंबर दिलेले तुकडे करतं, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, पीसीला नुसता लावला तर सगळे तुकडे दिसत नाहीत, आणि १.४४ एमबीच्या पीसी फॉरमॅटपलीकडे त्याला काही कळत नाही. एम्ब्रॉयडरी मशीनला तेवढं पुरतं. पण अमिगा या जुन्या घरगुती कम्प्युटरची फ्लॉपी ८८० केबीची, तसल्याच अटारी एसटीची ७२० केबीची, जुन्या पीसीची ३६० केबीची, हे सगळं त्या फर्मवेअरच्या बाहेरचं आहे. म्हणून मी हा रिव्ह्यू नुसत्या गोटेकचा लिहीत नाहीये, फ्लॅशफ्लॉपी टाकलेल्या गोटेकचा लिहितोय, त्याशिवाय मी तो कुणालाही घ्या म्हणणार नाही.

फ्लॅशफ्लॉपी हे कीर फ्रेझर यांनी लिहिलेलं मोफत फर्मवेअर आहे, सोर्स कोड सगळा उघडा, कुणीही बघा, बदला, वापरा. हेच गृहस्थ झेन हायपरवायझरच्या सुरुवातीच्या मुख्य डेव्हलपरपैकी एक, म्हणजे मोठमोठ्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, आणि त्यांनी स्वतःचा वेळ देऊन अमिगा टेस्ट किट (अमिगा तपासायचा प्रोग्रॅम), ग्रीझविझल (जुन्या फ्लॉपी वाचायचं साधन, त्याबद्दल खाली) आणि फ्लॅशफ्लॉपी अशा तीन गोष्टी आपल्या हातात दिल्या. अमिगा दुरुस्त करणाऱ्या कुणाच्याही टेबलावर या तिन्हीपैकी एखादी तरी असतेच असते. त्यांच्याआधी ज्यां-फ्रान्स्वा देल नेरो यांचं एचएक्ससी हे असंच फर्मवेअर होतं आणि आजही आहे, तेही उत्तम काम आहे, एचएफई हा इमेजचा, म्हणजे एका फाइलमध्ये उतरवलेल्या अख्ख्या फ्लॉपीचा, फॉरमॅट त्यांचाच आणि फ्लॅशफ्लॉपीही तो वाचतं. पण गोटेकसाठी आज सुरुवात करणाऱ्यानं फ्लॅशफ्लॉपीच घ्यावं असं मला वाटतं, कारण त्याची माहिती फार नीट लिहून ठेवलेली आहे आणि जवळजवळ प्रत्येक मशीनचं सेटिंग त्यात सापडतं.

हे चालतं कसं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की पुढची जंपरची, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीची, भानगड सोपी वाटते. फ्लॉपी ड्राइव्हला फाइल, फोल्डर, सेक्टर यातलं काहीच कळत नाही. कम्प्युटरमधला फ्लॉपी कंट्रोलर त्याला सांगतो, हेड एक पाऊल पुढे घे, वरची बाजू वाच किंवा खालची, आणि ड्राइव्ह बदल्यात चुंबकीय बदलांचे पल्स एका तारेवर सोडत राहतो, बस्स. डीडी, म्हणजे डबल डेन्सिटी, फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा, आणि पल्समधलं अंतर साधारण ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद असतं. कुठल्या क्रमानं ही अंतरं आली त्यावरून कंट्रोलर डेटा ओळखतो. गोटेकला हे सगळं खोटंखोटं पण वेळेत करायचं असतं. पेन ड्राइव्हवरच्या फाइलमधून ट्रॅक, म्हणजे फ्लॉपीवरचं एक वर्तुळ, उचलायचा, त्याचे एमएफएम (फ्लॉपीवर डेटा लिहायची नेहमीची पद्धत) पल्स तयार करायचे, ते अचूक अंतरानं सोडायचे, दर २०० मिलिसेकंदांनी इंडेक्सचा, म्हणजे नवा फेरा सुरू झाल्याचा, पल्स द्यायचा, आणि मधेच कंट्रोलरनं लिहायला सुरुवात केली तर उलटं येणारे पल्स पकडून फाइलमध्ये परत लिहायचे. एक छोटीशी चिप हे न चुकता करते, आणि मला हे आजही कौतुकाचं वाटतं.

यातूनच त्याच फ्लॉपीत अमिगाचे ८८० केबी कसे मावतात हे कोडंही सुटतं. अमिगा आणि पीसी दोघांच्या डीडी फ्लॉपीत ८० ट्रॅक, दोन बाजू, फ्लॉपीही तीच. पण पीसी एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे ९ सेक्टर बसवतो, मध्ये मोकळी जागा सोडतो. अमिगाची पॉला चिप सगळा ट्रॅक एकदमच वाचते आणि एकदमच लिहिते, त्यामुळे मधली मोकळी जागा लागत नाही आणि ११ सेक्टर बसतात. ८० गुणिले २ गुणिले ११ गुणिले ५१२ म्हणजे ९०११२० बाइट, आणि अमिगाच्या साध्या एडीएफ फाइलची, म्हणजे अमिगाच्या फ्लॉपीच्या इमेजची, साइझ बघा, बरोब्बर एवढीच असते. पीसीच्या साध्या फ्लॉपी कंट्रोलरला हा ट्रॅक वाचताच येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं अमिगावाल्यांना पीसीवरून फ्लॉपी बनवणं जमत नव्हतं. गोटेकनं हा प्रश्नच संपवला, पीसीवर एडीएफ पेन ड्राइव्हवर कॉपी केली की झालं.

फर्मवेअर टाकायचं काम ऐकायला अवघड वाटतं पण सोल्डरिंग गन हातात धरता येत असेल तर एका बैठकीत होतं. डबा उघडायचा, बोर्डवर प्रोग्रॅमिंगसाठी काही पिना किंवा नुसती भोकं असतात, चिपला बूट मोडमध्ये घालण्यासाठी दोन टोकं जोडायची, मग एकतर दोन्हीकडे ए टाइप असलेली यूएसबी केबल पीसीला लावायची नाहीतर यूएसबी-सिरियल अडॅप्टरनं टाकायचं. आधी चिपचं रीड प्रोटेक्शन काढावं लागतं, त्यात कंपनीचं फर्मवेअर पुसलं जातं आणि ते परत आणता येत नाही, हे लक्षात ठेवा. एक काळजी मात्र घ्याच, त्या केबलनं पीसीला जोडलेला असताना गोटेकला दुसरीकडून पॉवर देऊ नका. हे काहीच करायचं नसेल तर फ्लॅशफ्लॉपी टाकलेले, ओलेड डिस्प्ले बसवलेले तयार गोटेकही विकणारे खूप आहेत, त्यांच्याकडून घेण्यात काही कमीपणा नाही.

विकत घेताना आतली चिप कोणती ते विचारा. आधीच्या गोटेकमध्ये एसटीएम३२एफ१०५ असायची. मग चिपच्या टंचाईच्या काळापासून आर्टरी कंपनीच्या एटी३२एफ४१५ आणि पुढे एटी३२एफ४३५ असलेले बोर्ड यायला लागले. फ्लॅशफ्लॉपी तिन्हीवर चालतं, पण ४१५ मध्ये रॅम कमी आहे, ४३५ मध्ये भरपूर आहे, आणि आर्टरीच्या चिपमध्ये फर्मवेअर टाकायचं सॉफ्टवेअर वेगळं आहे. बाहेरून डबा तोच, नाव तेच, आत बोर्ड वेगळा, म्हणून फोटो मागून घ्या, बोर्डवरचा नंबर वाचा. मिळालाच तर मी १०५ किंवा ४३५ घ्या म्हणेन, ४१५ मिळाला तर परत करायची गरज नाही, साध्या कामाला तो पुरतो.

आता बसवायचं. इथे लोक अडकतात आणि गोटेक खराब आहे म्हणून मोकळे होतात, म्हणून जरा थांबून वाचा. पहिली गोष्ट ड्राइव्ह सिलेक्टचा जंपर, हा ड्राइव्ह कितवा ते ठरवतो. अमिगा, अटारी वगैरेंना एस झिरो. पीसीची रिबन केबल मध्ये पिळलेली असते, त्या पिळामुळे पीसीतले सगळे ड्राइव्ह एस वन वर ठेवायचे असतात आणि पिळाच्या पुढचा ए, अलीकडचा बी होतो. म्हणजे पीसीत लावताना एस वन. नवीन घेतलेल्या गोटेकचा जंपर कुठे आहे ते आधी बघा, तो पीसीच्या हिशोबानं लावलेला असेल तर अमिगात टाकला की ड्राइव्ह मेल्यासारखा वागतो.

दुसरी गोष्ट पिन २ आणि पिन ३४. शुगार्ट या जुन्या ड्राइव्ह कंपनीच्या पद्धतीत पिन २ वर डिस्क बदलल्याची खूण जाते आणि पिन ३४ वर ड्राइव्ह तयार असल्याची. पीसीत मात्र डिस्क बदलल्याची खूण पिन ३४ वर जाते. हे चुकलं की काय होतं तर फ्लॉपी बदलली तरी मशीनला पत्ता नसतो, जुनीच डिरेक्टरी दाखवत बसतं, किंवा डिस्क कधी आलीच नाही असं समजतं. फ्लॅशफ्लॉपीत हे जंपरनं किंवा एफएफ डॉट सीएफजी या साध्या टेक्स्ट फाइलमधल्या इंटरफेस या एका ओळीनं ठरवता येतं, शुगार्ट लिहा, आयबीएमपीसी लिहा, अमिगा लिहा. साध्या टेक्स्ट फाइलमधून ड्राइव्हच्या पिनांचं वागणं बदलता येतं ही सोय खऱ्या पीसी ड्राइव्हला अमिगात लावण्यासाठी बोर्डवर कापाकापी केलेल्या लोकांना विचारा काय असते ते.

तिसरी आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट पॉवरचा कनेक्टर. गोटेक फक्त ५ व्होल्टवर चालतो, पण त्या चार पिनांच्या कनेक्टरवर एका टोकाला ५ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट येतो. कनेक्टर उलटा घुसवला किंवा एक पिन सरकवून बसवला तर १२ व्होल्ट सरळ नको तिथे जातो आणि गोटेक जागेवर संपतो. लाल तार ५ व्होल्ट, पिवळी १२, बोर्डवर काय छापलंय ते वाचूनच लावा, आणि जुन्या मशीनमध्ये तारांच्या रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटरनं मोजा. रिबन केबल उलटी लागली तर एवढं नुकसान सहसा होत नाही, नुसता ड्राइव्ह सतत सिलेक्ट झालेला दिसतो, बंद करून फिरवून लावायची. आणि हो, चाळीस वर्षांच्या पॉवर सप्लायला मोजल्याशिवाय मशीन जोडायचंच नाही, हे गोटेक असो नसो लागू आहे.

डिस्प्लेबद्दल माझं मत ठाम आहे. आकड्यांचा डिस्प्ले ठेवू नका, ओलेड लावा. आकड्यांवर शंभर-दोनशे इमेज चालवायच्या म्हणजे कुठल्या नंबरला काय ते कागदावर लिहून ठेवा, दोन महिन्यांनी तो कागद शोधा. ०.९१ इंची, १२८ बाय ३२ ठिपक्यांचा ओलेड डिस्प्ले चार तारांवर लागतो, त्यावर फाइलचं पूर्ण नाव सरकत जातं, ट्रॅक नंबर दिसतो, फोल्डरमध्ये शिरता येतं. सोबत बटणांच्या जागी फिरणारी कळ, म्हणजे रोटरी एन्कोडर, लावला की फिरवा, दाबा, इमेज लागली. चार-पाच फ्लॉपींचा गेम असला आणि तो मधेच दुसरी डिस्क मागायला लागला की या कळीची किंमत कळते. ज्यांना आकडेच आवडतात त्यांच्यासाठी इंडेक्स मोड आहे, त्यात फाइलची नावं डीएसकेए०००० पासून ओळीनं द्यायची असतात, कीबोर्ड आणि सँपलरवाले बरेचदा तोच वापरतात.

आवाजाचंही सांगायला हवं. गोटेकला हलणारं काहीच नाही त्यामुळे तो पूर्ण गप्प असतो, आणि पहिल्यांदा वापरताना मशीन हँग झालंय की लोड होतंय हेच कळत नाही. खऱ्या ड्राइव्हच्या आवाजावरून आपल्याला किती गोष्टी समजत असतात ते तेव्हा लक्षात येतं, लोडिंग कुठवर आलं, कुठे अडखळलं, परत परत तोच ट्रॅक वाचतोय का. बोर्डवर छोटा पीझो बझर लावला की फ्लॅशफ्लॉपी हेडच्या प्रत्येक पावलाला टिक वाजवतं, आवाज किती हवा तेही त्याच फाइलमध्ये लिहिता येतं. हा बझर मला अत्यावश्यक वाटतो, चैन नाही.

रोजच्या वापरात पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फोल्डर करून इमेज टाकायच्या, एवढंच. एडीएफ, एसटी, आयएमजी, डीएसके, एचएफई असे बरेच फॉरमॅट चालतात. मोठ्या क्षमतेचा पेन ड्राइव्ह लागतच नाही, ८८० केबीच्या हजार इमेज एक जीबीच्या आत बसतात, जुना पडून असलेला छोटा ड्राइव्ह उत्तम. काही पेन ड्राइव्ह जागे व्हायलाच वेळ घेतात आणि तोवर मशीन फ्लॉपी शोधून मोकळं झालेलं असतं, अशा वेळी दुसरा लावून बघा, गोटेकला दोष देण्याआधी. लिहिणंही व्यवस्थित होतं, गेमचे सेव्ह, टेक्स्ट एडिटरच्या फाइल, सगळं इमेजमध्ये जातं आणि ती इमेज परत पीसीवर उघडता येते, म्हणजे जुन्या आणि नवीन मशीनमध्ये फाइल न्यायचा हा सगळ्यात सोपा रस्ता झाला. फक्त लिहिणं चालू असताना पेन ड्राइव्ह उपटू नका, आणि ज्या इमेज जपायच्या आहेत त्यांची एक कॉपी पीसीवर ठेवा.

अमिगा ५०० वाल्यांसाठी एक गोष्ट. किकस्टार्ट १.३, म्हणजे अमिगाच्या रॉममधलं सॉफ्टवेअर, फक्त पहिल्या फ्लॉपी ड्राइव्हवरूनच, म्हणजे डीएफ झिरोवरूनच बूट होतं. गोटेक बाहेरून दुसरा ड्राइव्ह म्हणून लावला तर त्यावरचे गेम बूट होणार नाहीत, त्यासाठी दोन ड्राइव्हची अदलाबदल करणारा स्विच लावावा लागतो. तो छोटा बोर्ड आत बसतो, मूळ ड्राइव्ह जागेवरच राहतो आणि गोटेकवरून बूटही करता येतं. मला हीच रचना सगळ्यात आवडते.

आणि इथे केसबद्दल बोलतोच. मूळ केसला भोक पाडू नका. अमिगा ५०० मध्ये ड्राइव्हचं तोंड आणि इजेक्टचं बटण बाजूला येतं, गोटेकची पेन ड्राइव्हची जागा तिथे बसत नाही, म्हणून बरेच जण केस कापतात, पेन ड्राइव्हसाठी एक, डिस्प्लेसाठी एक, कळीसाठी एक. १९८७ सालापासून लोकांनी सांभाळत आणलेलं प्लॅस्टिक, ते आता नव्यानं बनणार नाही, आणि तुमच्यानंतर ते मशीन आणखी कुणाकडे तरी जाणार आहे. थ्रीडी प्रिंट केलेल्या पट्ट्या मिळतात ज्या मूळ खाचेतच बसतात, डिस्प्ले वरच्या जाळीतून बाहेर काढायचे छोटे स्टँड मिळतात, एकही स्क्रू वाढवावा लागत नाही, काढलं की मशीन होतं तसं. थोडं शोधावं लागतं, पण शोधा.

कुठे चालत नाही तेही स्पष्ट सांगतो, नाहीतर घेऊन पस्तावाल. कमोडोर ६४ कम्प्युटरला हा जोडता येत नाही. त्याचा १५४१ ड्राइव्ह म्हणजे स्वतःचा ६५०२ जातीचा प्रोसेसर असलेला वेगळा कम्प्युटरच आहे, तो सिरियल केबलनं बोलतो आणि डेटा जीसीआर या वेगळ्याच पद्धतीनं लिहितो. त्यासाठी एसडी२आयईसी, पाय१५४१ किंवा अल्टिमेट अशा वेगळ्या वस्तू आहेत. सुरुवातीच्या मॅकिंटॉशमधले ४०० आणि ८०० केबीचे ड्राइव्हही जीसीआरवाले, वेग बदलणारे, तिथेही गोटेक नाही, तिथे फ्लॉपी इमू बघा. ॲपल टूचंही तसंच. थोडक्यात ३४ पिनांची शुगार्ट पद्धतीची पट्टी आणि एमएफएम किंवा एफएम असेल तर गोटेक. सव्वापाच इंची ड्राइव्हच्या पीसीत केबलचं टोक वेगळं असतं, त्याला अडॅप्टर लागतो, पण ३६० केबीची इमेज चालते.

कॉपी प्रोटेक्शनचा प्रश्नही उरतोच. त्या काळच्या कंपन्यांनी फ्लॉपीवर मुद्दाम लांब ट्रॅक, कमजोर बिट, विचित्र सेक्टर टाकले होते आणि एडीएफमध्ये ते काहीच साठत नाही, तिथे नुसता साधा डेटा असतो. एचएफईमध्ये बरंच काही जमतं, तिसऱ्या आवृत्तीच्या एचएफईमध्ये कमजोर बिटही, पण प्रत्येक मूळ डिस्क चालेलच असं नाही. ज्याला मूळ खोक्यातला गेम मूळ रूपातच चालवायचा आहे त्याला खरा ड्राइव्हच लागणार.

आता ती तिसरी गोष्ट, जुना ड्राइव्ह. गोटेक आला की खरा ड्राइव्ह विकून टाकणारे, भंगारात देणारे मी बघितलेत आणि मला खरंच वाईट वाटतं. कारण असं बघा, तुम्हाला मशीनसोबत जी फ्लॉपींची पेटी मिळते त्यात विकत घेतलेल्या गेमच्या कॉपी असतात, त्या जगात हजार ठिकाणी आहेत, त्यांची काळजी नको. पण त्यातच हातानं लेबल लिहिलेल्या काही असतात. कुणाचा शाळेचा प्रोजेक्ट, कुणी बेसिकमध्ये लिहिलेला हिशोबाचा प्रोग्रॅम, कुणाची चित्रं, कुणी बनवलेलं संगीत. त्यांची दुसरी कॉपी पृथ्वीवर कुठेच नाही. आणि त्या फक्त चांगल्या चालणाऱ्या खऱ्या ड्राइव्हनंच वाचता येतात, गोटेकनं नाही.

त्यासाठी ग्रीझविझल. हा एक छोटा बोर्ड, एका बाजूनं यूएसबी, दुसऱ्या बाजूनं ३४ पिनांची केबल, त्याला साधा पीसीचा फ्लॉपी ड्राइव्ह लावायचा. तो सेक्टर वाचतच नाही, ड्राइव्हच्या तारेवर येणारे पल्स किती किती वेळानं आले तेवढं मोजून फाइलमध्ये उतरवतो, प्रत्येक ट्रॅकचे अनेक फेरे. त्यामुळे फ्लॉपी अमिगाची आहे की अटारीची की पीसीची, त्याला फरकच पडत नाही, अर्थ नंतर पीसीवर लावायचा. फ्लॉपी अर्धवट खराब असली तरी एका फेऱ्यात न वाचलेला सेक्टर दुसऱ्या फेऱ्यात सापडू शकतो. म्हणून माझा आग्रह असतो की मूळ पल्सची फाइलच जपून ठेवा, नुसती एडीएफ बनवून मोकळं होऊ नका, उद्या डिकोड करायची जास्त चांगली पद्धत आली तर ती त्या फाइलवर परत चालवता येईल, फ्लॉपी तोवर राहिलेली नसेल.

वाचायच्या आधी फ्लॉपीची पातळ पत्र्याची झडप सरकवून उजेडात बघा, हातानं हळूच फिरवून सगळीकडून. पांढरट ठिपके, जाळी, गोल चट्टे दिसले तर ती बुरशी, अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेडवर घाण बसते आणि ती घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा पाडते. एका खराब फ्लॉपीनं मागून येणाऱ्या चांगल्या फ्लॉपी जातात ते असे. आधी स्वच्छ करा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा, अगदी हलक्या हातानं, आणि प्रत्येक संशयास्पद फ्लॉपीनंतर हेड पुसा. वरचं हेड नाजूक पट्टीवर बसवलेलं असतं, ते वर ओढून पुसायचं नाही, वाकलं की संपलं. ड्राइव्हमधलं वाळलेलं ग्रीस पुसून हेडच्या स्क्रूवर अगदी थोडं नवीन लावा. हे सगळं आधी, फ्लॉपी वाचणं मग, आणि गोटेक त्याच्याही नंतर, असा क्रम ठेवा म्हणजे पेटीतली एखादी फ्लॉपी घाईत जाणार नाही.

तक्रारी म्हणाल तर दोनच. पेन ड्राइव्ह पुढे बाहेर आलेला असतो, हात लागला की वाकतो, सोबत आतलं सॉकेटही हलतं, म्हणून नखाएवढा छोटा पेन ड्राइव्ह वापरा किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर लावा. आणि एक गोटेक म्हणजे एकच ड्राइव्ह, दोन ड्राइव्ह लागणारं सॉफ्टवेअर असेल तर दोन गोटेक घ्यावे लागतात, त्यातला एक ए आणि एक बी.

फ्लॅशफ्लॉपी एकदा आत गेलं की पुढच्या अपडेटसाठी डबा परत उघडावा लागत नाही. नवीन अपडेटची फाइल पेन ड्राइव्हवर टाकायची, दोन्ही बटणं दाबून धरून मशीन चालू करायचं, डिस्प्लेवर अपडेटची खूण आली की बटणं सोडायची, संपेपर्यंत पॉवर बंद करायची नाही. बटणं काढून फक्त फिरणारी कळ लावणार असाल तर ही दोन बटणं आत कुठेतरी हाताला लागतील अशी ठेवा, अपडेटच्या वेळी लागतात.